गड्डीचे वाचन आणि क्रमांकाचा बाजार

चलनातल्या नोटांच्या गड्ड्या चाळून त्यांतून संग्राह्य नोटा वेचून काढणे हा उद्योग आपल्या साहित्यिक वर्तुळात हास्यास्पद मानला जातो. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्या शाळकरी मुलाला जी सवलत मिळते, तीही गड्डी चाळत बसलेल्या प्रौढ माणसाला मिळत नाही. पाहणाऱ्याला तो एकतर कंजूष वाटतो, नाहीतर लॉटरीच्या आशेवर बसलेला आशाळभूत. ज्या बाजारात अशा नोटा विकल्या जातात तेथे मात्र ह्याच माणसाला डोक्यावर घेतले जाते. पण त्याची नजर तेथे कोणालाच नको असते, त्याच्या हाती लागलेला क्रमांक तेवढा हवा असतो. ह्या दोन्ही भूमिका आम्हांला अमान्य आहेत. गड्डी चाळणे ही वाचनाची एक शिस्त आहे, असे आमचे म्हणणे आहे. ती शिस्त बाजाराने बिघडवली, आणि ती बिघडत असताना ज्यांनी हरकत घ्यायला हवी होती त्या वाचनाच्या अध्यापकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, हा आमचा आरोप आहे.

प्रथम ह्या उद्योगाचे स्वरूप सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी बोलणाऱ्या बहुतेकांनी तो जवळून पाहिलेला नसतो. शंभर नोटांची एक गड्डी आणि दहा गड्ड्यांचे एक बंडल. बँकेतून मिळणाऱ्या कोऱ्या करकरीत गड्डीत एकाच छापखान्यातून, एकाच छपाईत निघालेल्या नोटा असतात आणि त्यांचे क्रमांक बहुधा ओळीने लागलेले असतात. अशी गड्डी म्हणजे एकाच आवृत्तीच्या शंभर प्रती. फिरती गड्डी ही चीज वेगळी. दुकानदाराचा गल्ला, वाहकाची चामडी पिशवी, देवळाची दानपेटी, भाजीवालीच्या पोत्याखालचा डबा अशा ठिकाणांहून आलेल्या नोटा तिच्यात एकत्र बांधल्या जातात. नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनी ह्या चारही ठिकाणच्या छपाईच्या, निरनिराळ्या सालांच्या, दोनतीन गव्हर्नरांच्या सह्यांच्या नोटा तिच्यात शेजारी शेजारी येऊन बसतात. कोणी लावून न दिलेले, योगायोगाने जमलेले हे एक ग्रंथालयच असते.

चाळणारा तिच्यात काय पाहतो? सही कोणाची आहे हे पाहतो. २००५ पासून मागच्या बाजूला तळाशी छापले जाणारे साल पाहतो. क्रमांकाच्या पट्ट्यात अंकांच्या पाठीमागे फिकट छापलेले एखादे रोमन अक्षर आहे की नाही, असल्यास कोणते, हे पाहतो. क्रमांकाच्या आधीचा उपसर्ग पाहतो, आणि उपसर्ग व अंक ह्यांच्या मधोमध एखादा छोटा तारा बसला आहे का, हेही पाहतो. ह्यांपैकी एकही गोष्ट नोटेच्या दर्शनी किमतीत कवडीची भर घालत नाही. दहाची नोट दहाचीच राहते. किंमत वगळून उरलेले जे काही नोटेवर आहे ते वाचणे, हेच ह्या माणसाचे काम. ज्या वस्तूकडे सारा देश केवळ तिच्या किमतीसाठी पाहतो, त्या वस्तूकडे तो संहिता म्हणून पाहतो.

‘संहिता’ हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. ताऱ्याचेच उदाहरण घेऊ. २००६ पर्यंत छपाईत बिघडलेली नोट काढून तिच्या जागी त्याच क्रमांकाची दुसरी नोट घालावी लागे, म्हणजे गड्डीतली ओळ अखंड राही आणि झालेली चूक कोणालाही दिसत नसे. २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा, वीस आणि पन्नास रुपयांच्या नोटांसाठी ही पद्धत बदलली. बिघडलेल्या नोटेच्या जागी ताराचिन्हांकित नोट घालायची, मग गड्डी शंभरची राहील, पण ओळ तुटेल, आणि गड्डीच्या पट्टीवर तशी सूचना असेल, असे ठरले. ग्रंथव्यवहारात आपण ज्याला शुद्धिपत्र म्हणतो तेच हे. फरक एवढाच, की हे शुद्धिपत्र पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेले नसून ओळीतच बसवलेले आहे. पण शुद्धिपत्र वाचायची सवय नसलेल्या समाजात काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. तारा असलेल्या नोटा खोट्या आहेत अशी आवई समाजमाध्यमांवर उठली आणि जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला, की ह्या नोटा इतर कोणत्याही नोटेइतक्याच वैध आहेत. सतरा वर्षे खिशात असलेले एक चिन्ह लोकांनी वाचलेच नव्हते, आणि वाचले तेव्हा भीतीने वाचले.

आता भाषेच्या अध्यापकांना जवळची वाटावी अशी जागा पाहू. नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांमध्ये रकमेचा उल्लेख असतो. पुढच्या बाजूची हिंदी व इंग्रजी धरून एकूण सतरा भाषा झाल्या. ह्या पंधरा भाषांचा क्रम कशावरून लावला आहे, असा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांनी वर्गात विचारला असेल? असमिया पहिली, उर्दू शेवटची, आणि मराठी मल्याळम व नेपाळी ह्यांच्या मध्ये. हा क्रम भाषांच्या इंग्रजी नावांच्या रोमन आद्याक्षरांचा आहे. भारतीय भाषांची ही पंगत इंग्रजी वर्णमालेच्या पंक्तिप्रपंचाने बसवलेली आहे, आणि ती रोज आपल्या हातांतून जाते. त्याच पट्ट्यात कोंकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत अशा चार भाषा एकाच देवनागरी लिपीत एकच रक्कम चार तऱ्हांनी सांगतात. जुन्या नोटांवर ह्या पट्ट्यात तेराच भाषा होत्या. कोंकणी आणि नेपाळी ह्यांचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला १९९२ मध्ये, आणि पुढे त्या नोटेवर आल्या. सिंधी १९६७ पासून अनुसूचीत असूनही नोटेवर आली नाही. मणिपुरी, मैथिली, संताळी, बोडो आणि डोगरी ह्याही आल्या नाहीत. भाषिक राजकारणावरचे कितीतरी प्रबंध ज्या गोष्टीसाठी पानेच्या पाने खर्ची घालतात, ती गोष्ट जुनी व नवी अशा दोन नोटा शेजारी ठेवताच डोळ्यांना दिसते.

व्याकरणाचा पुरावाही नोटेवर आहे. १९५३ च्या सुमारास नोटांवर हिंदीला ठळक स्थान मिळाले तेव्हा ‘रुपया’ ह्या शब्दाचे हिंदी अनेकवचन कोणते घ्यावे ह्यावर वाद झाला आणि तो ‘रुपये’ ह्या रूपाच्या बाजूने निकाली निघाला. त्या काळच्या नोटा पाहणाऱ्याला एका शब्दाचे प्रमाणीकरण होताना दिसते. आणखी एक जागा घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर गव्हर्नर प्रथमपुरुषी एकवचनात धारकाला रक्कम देण्याचे वचन देतो. एक रुपयाची नोट मात्र बँकेची नव्हे, भारत सरकारची. तिच्यावर वित्तसचिवाची सही असते आणि वचन नसते. निवेदक कोण, संबोधित कोण, वचन कोण देतो आणि कोणत्या संहितेत निवेदकच गायब आहे, हे प्रश्न आपण कादंबरीला विचारतो. ते एक रुपयाच्या नोटेला विचारायला काय हरकत आहे?

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. हस्तलिखिते माणसाने उतरवून घेतलेली असतात, म्हणून त्यांत पाठभेद येतात आणि पाठचिकित्सेला वाव मिळतो. नोटा यंत्राने छापल्या जातात. एक वाचली म्हणजे सगळ्या वाचल्या. मग शंभर शंभर चाळण्यात शहाणपण कोणते? ह्याला उत्तर म्हणून अमेरिकेतले एक प्रकरण सांगतो. तेथे ताराचिन्हांकित नोटा फार पूर्वीपासून आहेत आणि त्यांच्या क्रमांकांचे हिशेब सरकारी छापखाना प्रसिद्ध करतो. २०१३ च्या मालिकेतील एक डॉलरच्या, न्यूयॉर्कसाठी छापलेल्या तारांकित नोटांच्या बाबतीत एक अजब चूक झाली. वॉशिंग्टनच्या छापखान्याने जे क्रमांक २०१४ मध्ये छापले होते तेच क्रमांक २०१६ मध्ये फोर्ट वर्थच्या छापखान्याने पुन्हा छापले. एकच क्रमांक असलेल्या सुमारे ६४ लाख जोड्या चलनात गेल्या. ज्या देशात एका क्रमांकाची एकच नोट हा चलनाचा पहिला नियम, तेथे असे घडले. आणि दोन्ही नोटा अस्सल! त्यांच्यातला फरक फोर्ट वर्थच्या नोटेवर एका कोपऱ्यात असलेल्या दोन बारीक अक्षरांत आहे. संग्राहकांनी आपापल्या हातातले क्रमांक एका सामाईक यादीत नोंदवायला सुरुवात केली आणि देशाच्या दोन टोकांना पडलेल्या जोड्या जुळू लागल्या. एकाच पाठाची दोन साधने, त्यांचे मूळ वेगळे, आणि ते ओळखण्याची खूण सूक्ष्म! भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे काम झाले, त्यातली साधने ताडून पाहण्याची शिस्त ह्याहून जातीने वेगळी नाही. प्रमाणात अर्थातच जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि डॉलरची नोट महाभारत नव्हे, हे आम्हांलाही कळते.

आपल्याकडे तर गठ्ठे सोडून कागद वाचण्याची परंपराच आहे. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतले दप्तरांचे रुमाल सोडून बसत. त्यांतल्या बहुसंख्य कागदांवर हिशेब, पावत्या, देण्याघेण्याच्या नोंदी असत, आणि घरमालकांना ती रद्दी वाटे. १८९८ पासून निघालेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्या ‘रद्दी’तून उभे राहिले. व्यवहाराचा कागद हा वाङ्मयाच्या आणि इतिहासाच्या अभ्यासाचा कागद असू शकतो, हे राजवाड्यांनी सिद्ध केल्यावर शंभर वर्षांनी त्यांच्याच नावाने व्याख्यानमाला चालवणाऱ्यांनी नोटेकडे ‘पैसा’ म्हणून नाक मुरडावे, ह्यात विसंगती आहे.

आता बाजाराकडे वळू. गड्डीतून संग्राह्य नोट काढण्याच्या उद्योगाला आज जे रूप आले आहे ते वाचनाचे नाही. बाजारात सर्वाधिक चलती आहे ती ‘फॅन्सी’ म्हणवल्या जाणाऱ्या क्रमांकांची. ७८६ हा आकडा, सहाही अंक सारखे असलेला क्रमांक, उलटसुलट सारखा वाचला जाणारा क्रमांक, कोणाची तरी जन्मतारीख असलेला क्रमांक. बिस्मिल्लाहच्या अक्षरमूल्यांची बेरीज म्हणून ७८६ ला पावन मानणाऱ्याच्या श्रद्धेविषयी आम्हांला काही म्हणायचे नाही. तो ती नोट जपून ठेवतो, विकत नाही. आमचा रोख आहे तो त्या श्रद्धेवर भाव लावणाऱ्यांवर. ह्या क्रमांकांपैकी एकही नोटेच्या घडणीविषयी काही सांगत नाही. ७८६ हा आकडा ७८५ आणि ७८७ ह्यांच्या मध्ये यंत्राने छापलेला आकडा आहे, एवढीच त्याची कथा. फिकट अक्षर, साल, सही, तारा ह्या खुणा नोट कोठून आणि कशी आली हे सांगतात, तर फॅन्सी क्रमांक केवळ पाहणाऱ्याच्या हौसेचे प्रतिबिंब दाखवतो. कवितेतली आपल्या नावाची अक्षरे मोजणाऱ्याला आपण रसिक म्हणत नाही. क्रमांकाच्या मागे धावणाऱ्यालाही संग्राहक म्हणण्याचे कारण नाही.

ह्या हौसेचे परिणाम निरुपद्रवी असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. जुनी नोट द्या आणि लाखो रुपये घ्या, अशा जाहिरातींनी किती साध्या माणसांना गाठले असेल ते त्या जाहिरातींच्या भाषेवरूनच कळते. आधी नोंदणीचे शुल्क, मग कर, मग दलाली, आणि शेवटी नोट धारकाकडेच राहते व पैसे जातात. हे करणारे रिझर्व्ह बँकेचे नाव वापरू लागले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला, की अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि असे शुल्क आपण कधीही मागत नाही. फसलेल्या माणसाच्या लोभाला दोष देणे सोपे आहे. पण नोट कशी वाचावी हे त्याला कोणी शिकवले होते? वाचायला शिकलेल्या माणसाला आपल्या हातातली नोट किती सामान्य आहे हे कळते, आणि तेच त्याचे संरक्षण ठरते.

दुसरा परिणाम कोऱ्या गड्ड्यांचा. लग्नसराईत आणि दिवाळीत दहावीसच्या कोऱ्या गड्ड्या दर्शनी किमतीहून जास्त भावाने रस्त्यावर विकल्या जातात, हे उघड गुपित आहे. त्याच सुमारास सामान्य ग्राहकाला बँकेच्या खिडकीवर कोरी गड्डी संपल्याचे उत्तर मिळते. क्रमांकाच्या शिकाऱ्यांनी ह्या व्यवहारात भर घातली. त्यांना फिरती गड्डी नकोच असते. त्यांच्या लेखी घडी पडलेली नोट बाद. परदेशी संस्था नोटेची प्रत ठरवून, सत्तरपैकी गुण देऊन ती प्लॅस्टिकमध्ये कायमची बंद करतात, आणि मग ती नोट कोणी हातात घेत नाही. पाहतात ते फक्त गुण. गुणपत्रिकेसाठी पुस्तक न उघडणाऱ्या विद्यार्थ्याविषयी कळवळून बोलणाऱ्या आम्हा अध्यापकांना हे दृश्य ओळखीचे वाटायला हवे.

ह्या कोरेपणाच्या पूजेविरुद्ध आमची मुख्य तक्रार आहे. नोट ही फिरण्यासाठी निर्माण झालेली संहिता आहे, आणि न फिरलेली नोट म्हणजे न वाचलेले पुस्तक. फिरलेल्या नोटेवर काळाची नोंद असते. २००१ पर्यंत गड्ड्यांना तारेच्या टाचण्या मारत. रिझर्व्ह बँकेने स्वच्छ नोटांच्या धोरणाखाली ती पद्धत बंद करवली आणि कागदी पट्ट्या आणल्या. त्यामुळे कडेची ती भोके आज एका कालखंडाची खूण ठरतात. जलचिन्हाच्या मोकळ्या जागेत पेनाने लिहिलेले गड्डीचे आकडे रोखपालाच्या हाताची साक्ष देतात. आणि लोकांनी लिहिलेले? २०१६ मध्ये एका मुलीच्या बेवफाईची तक्रार हिंदीत खरडलेल्या दहाच्या नोटेचे छायाचित्र देशभर फिरले, त्याला उत्तरे देणाऱ्या नोटा निघाल्या, आणि काही दिवस सारा देश नोटेवरचा मजकूर वाचत होता. नोटा खराब कराव्यात असे आम्ही मुळीच सुचवत नाही. पण जे लिहिले गेले ते लोकवाङ्मय आहे, आणि ते मळक्या नोटांबरोबर रिझर्व्ह बँकेच्या यंत्रांत जाऊन त्याचे बारीक तुकडे होतात. त्याआधी ते कोणी टिपून ठेवायचे? मुंबईत २००४ मध्ये उघडलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नाणे-नोटा संग्रहालयाकडून साऱ्या फिरत्या नोटांची अपेक्षा करता येत नाही. ते काम गड्डी चाळणाऱ्या हातांचेच आहे.

ह्या हातांना कायद्याने एकदा मान्यता दिली आहे, ही गोष्ट आमच्या विद्वान मित्रांच्या लक्षात आलेली दिसत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजारच्या नोटा रद्द झाल्या. त्यानंतरच्या २०१७ च्या अधिनियमाने अशा नोटा बाळगण्यावर दंडाची तरतूद केली आणि मर्यादा घातली. कोणाही व्यक्तीला दहापेक्षा अधिक नोटा ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन अथवा नाणकशास्त्र ह्यांसाठी मात्र पंचवीसपर्यंत ठेवता येतात. पंचवीस ही संख्या अभ्यासाला हास्यास्पद वाटावी इतकी अपुरी आहे. एका मूल्याच्या नोटेची अक्षरे, साले आणि सह्या ह्यांचे सगळे प्रकार मांडायलाही ती पुरणार नाही. तरीही ‘अभ्यास’ हा शब्द कायद्यात आला, आणि त्या शब्दाचा लाभ घेण्यासाठी किती वाङ्मय विभागांनी किंवा महाविद्यालयीन ग्रंथालयांनी पाऊल उचलले? जानेवारी २०१४ मध्ये २००५ पूर्वीच्या नोटा मागे घेण्याची घोषणा झाली, तेव्हा आदेशामुळे का होईना, देश नोटेची मागची बाजू उलटून साल शोधायला शिकला होता. तोही क्षण आपण हातचा घालवला.

आता वेळ थोडा आहे. चहाच्या टपरीवरही लोक भ्रमणध्वनी पुढे करतात. दहावीसची नोट ज्या देवघेवीत सर्वाधिक फिरत असे, त्याच देवघेवीतून ती बाजूला पडते आहे. दोन हजारची नोट २०२३ मध्ये परत बोलावली गेली. गड्डीत येणारी विविधता ह्यापुढे वाढण्याचे कारण दिसत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पाठचिकित्सेचा पहिला तास ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांवर घेण्याआधी तो वीस रुपयांच्या एका फिरत्या गड्डीवर घ्यावा. शंभर नोटा, पंचवीस विद्यार्थी, प्रत्येकाला चार. सही, साल, अक्षर, तारा, भाषापट्टा, हस्ताक्षर, भोके ही सगळी नोंद वहीत करावी आणि गड्डी दुसऱ्या दिवशी बाजारात परत जाऊ द्यावी. खर्च शून्य, दोन हजार रुपये दोन हजारच राहतील. ज्याला एखादी नोट ठेवून घ्यावीशी वाटेल त्याने तिच्या जागी आपली वीसची ठेवावी आणि ती आपण का ठेवली हे चार ओळींत लिहावे. त्या चार ओळींत किंमत हा शब्द आला नाही, तर तो विद्यार्थी वाचायला शिकला असे आम्ही समजू.